चार दिवस एकही मेल नाही

मावशी, माझं वय २९. नागपूरला मिहानमधल्या एका मोठ्या आयटी कंपनीत सव्वाचार वर्षं झाली. पगार वेळेवर, मेडिक्लेम, कॅब, कँटीन, सगळं आहे. पण एवढ्यात पाच मॅनेजर बदलले, मी नेमकं काय करतो ते एकालाही ठाऊक नव्हतं. अप्रेझलला दरवर्षी तीच मधली रेटिंग. एका सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी तीन आठवडे अप्रूव्हलच्या मागे फिरलो. मी असलो काय, नसलो काय, कुणाचं अडत नाही. बाबांना दोन स्टेंट टाकले तेव्हा चार दिवस दवाखान्यात लॅपटॉप घेऊन बसलो होतो, एकही मेल आला नाही. धरमपेठेत मित्राची पाच जणांची कंपनी आहे. तो म्हणतो, ‘तुझ्याशिवाय जमत नाही, ये.’ राजीनामा लिहून तयार आहे. पाठवू का?
– एक वाचक, त्रिमूर्ती नगर

बाबू, मॅनेजर, रेटिंग आणि लायसन्सवर तू भरभरून लिहिलंस. बाबांच्या स्टेंटवर एक वाक्य, आणि तेही कंपनीच्या तक्रारीत घुसवलेलं. माझं डोकं त्या वाक्यापाशीच अडकलं.

दवाखान्यात लॅपटॉप काहून नेला होतास? कुणी मागितला तर नव्हता. म्हणजे बाप आत, तू बाहेर बाकड्यावर, मांडीवर स्क्रीन उघडी, आणि ऑफिसमधून कुणीतरी आपल्याला हाक मारेल म्हणून वाट बघतोयस. चार दिवस! रात्री बाबांच्या उशाशी कोण होतं, डबा कोण आणत होतं, बाहेर आणल्यावर ते पहिलं काय बोलले, यातलं काही पत्रात नाही. मेल आला नाही, एवढं मात्र आहे.

तुला जो अपमान वाटला, ती माझ्या मते त्या कंपनीनं तुला दिलेली सगळ्यात मोठी सवलत होती. तू गेलास आणि काम चालत राहिलं. तुला वैताग आणणारे ते तीन आठवड्यांचे अप्रूव्हल, प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची सक्ती, एकाचं काम दुसऱ्याला यायलाच हवं हा हट्ट, या सगळ्यातूनच ते चार दिवस निघाले.

माझ्या सासऱ्यांचं सीताबर्डीवर कापडाचं दुकान होतं. त्यांच्याशिवाय तिथं खरंच पान हलत नसे. आम्ही सगळे मिळून पचमढीला एकदाही गेलो नाही, आणि पचमढी काही लंडनला नाही. सासूबाईंचं ऑपरेशन झालं त्या दुपारीही ते गल्ल्यावर होते, कारण सुरतचा व्यापारी हिशेबाला आला होता. सासूबाईंनी हे पुढची तीस वर्षं ऐकवलं. प्रत्येक लग्नात.

आता मित्राचं ते ‘तुझ्याशिवाय जमत नाही’. ऐकायला गोडच आहे. पण पाचांतला एक जण दवाखान्यात बसला की वीस टक्के कंपनी दवाखान्यात बसते. तिथं फोन नक्की वाजेल, आणि वाजला की तुला बरं वाटेल. मला भीती त्याचीच वाटते.

कंपनीची वकिली मी करत नाहीये. सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी बेल कर्व्हसाठी कुणाला तरी खाली बसवायचंच, हा प्रकार डोकं फिरवणाराच आहे. पाच मॅनेजर म्हणजे पाचदा आपली ओळख पहिल्यापासून सांगायची. चीड, खुशाल चीड. पण दोन स्टेंटचं बिल कुणी भरलं, तेही तू लिहिलं नाहीस. त्या मेडिक्लेममधूनच गेलं असणार ना? ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आधीपासूनचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. उद्या बाबांसाठी स्वतंत्र पॉलिसी काढायला गेलास, तर हृदयाच्या दुखण्यासाठी ३ वर्षांपर्यंत थांबवू शकतात. सोडायचंच ठरलं तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे आधी एचआरला विचार. ग्रॅच्युइटीला ५ वर्षं लागतात. मूळ पगार ३० हजार धरला तर तेव्हा साधारण ८६ हजार होतात. पण नऊ महिन्यांनी मिळणाऱ्या पैशांसाठी मी तुला अडवत नाहीये.

राजीनामा आत्ता पाठवू नकोस. सोमवारी रजेचा अर्ज टाक, सलग पंधरा दिवसांचा. लॅपटॉप ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेव आणि फोनमधलं ऑफिसचं ॲप काढून टाक. मित्र विचारेल, तर म्हणावं बाबांसोबत फिरायला जातोय, नंतर बोलू. त्याचं खरंच तुझ्याशिवाय अडत असेल तर पंधरा दिवस थांबेल.

डॉक्टरांनी चालायला सांगितलंच असेल. रोज सकाळी सहाला बाबांना अंबाझरीला ने. ते हळू चालतील, तूही हळूच चाल, आणि मध्ये फोन काढू नकोस. परतताना तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी त्यांचे पाय अजून हळू होतील. पोहे घ्या दोघं. तर्री नाही. चिडतील तुझ्यावर, ‘एका चमच्यानं काय होतं बे’ म्हणतील. तरी नाही.