जी ७.४४ आला तरी रीडिंग खोडू नकोस

तुझी पोस्ट वाचली आणि माझं बीएस्सीचं पहिलं वर्षच डोळ्यासमोर आलं. ६ मीटरवरच्या गॅलरीतून बॉल सोडला, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर १.२७ सेकंद आले, जी (म्हणजे गुरुत्वीय त्वरण, पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर/सेकंदाने वाढतो तो आकडा) निघाला ७.४४ आणि सर म्हणतात पुस्तकातला ९.८ लिहून टाक. लिहू नकोस रे.

मी लिहिलं होतं. अख्खा तक्ता खोडून ९.८ वरून उलटं गणित केलं आणि वेळा भरल्या, पाचही रीडिंग एकसारखी. एक्स्टर्नल सरांनी जर्नल उघडून एवढंच विचारलं, की स्टॉपवॉच ०.१ सेकंदाचं असताना तुला १.१०७ वाचता आलं कसं? मी गप्प. प्रॅक्टिकलमध्ये नापास, वर्ष गेलं. त्याआधी डिपार्टमेंटमध्ये दोनदा विचारायला गेलो होतो की जी कमी का येतोय, तर 'सगळ्यांचा तसाच येतो, ९.८ करून आण', बस्स. कुणी दोन मिनिटं बसून सांगितलं असतं तर! अजून राग येतो.

बॉल आपटल्यावर बोट दाबेपर्यंत ०.१५-०.२ सेकंद जातातच. तुझा खरा वेळ १.११ च्या आसपास हवा, आणि जी काढताना उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागतो म्हणून वेळेतली १५ टक्के चूक जीमध्ये २४ टक्के होऊन बसते. हवेला दोष देऊ नकोस (बॉल अगदी हलका प्लास्टिकचा असेल तर गोष्ट वेगळी). गॅलिलिओलासुद्धा सरळ पडणारी वस्तू मोजणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तर त्याने उतारावरून गोळे सोडले आणि पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजला.

माझं मत विचारशील तर स्टॉपवॉच सोडच. मित्राला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांग आणि फ्रेम मोज, एक फ्रेम म्हणजे ०.००४ सेकंद. फक्त मोबाइल खरंच २४० घेतो ना ते आधी तपास, काही फोन मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतात. लंबकाने करणार असशील तर २० आंदोलनं मोज, लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धर, हुकापर्यंत नाही, आणि पंखा बंद ठेव.

आणि नेमका ९.८ आलाच पाहिजे हा हट्ट कशाला? विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३, आपल्या कोकण किनाऱ्यावर ९.७९ च्या जवळपास. ९.७ आला तरी उत्तम.

मी काही तुझा परीक्षक नाही, मार्क तुझ्या सरांच्या हातात, त्यामुळे वाद घालू नकोस, नीट बोल. पण जर्नलमधलं ७.४४ चं पान फाडू नकोस, त्याच्या शेजारीच व्हिडिओची रीडिंग लिही आणि आकडे इथे टाक, मी बघतो.