ते चित्र कुणाला दाखवू नकोस

बाळा,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलाय, मी सकाळी दूध तापवताना वाचला. "मावशी, जो तो म्हणतो चित्र काढ, बरं वाटेल, पण मी तर रोज नऊ तास चित्रंच काढते, मग मला का नाही वाटत बरं?" आणि खाली झोप उडालीये म्हणून दोन ओळी. आधी हसूच आलं, हलवायाला कुणी सांगावं की मूड गेलाय तर पेढा खा, तसं. तेवढ्यात दूध उतू गेलं, आणि ओटा पुसता पुसता वाटलं की पोरगी बरोबर विचारतेय.

तू अलकापुरीच्या त्या ऑफिसात बसून जे काढतेस ना, ते सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी बघणार असतं. क्लायंट, तुझा सिनियर, आणि उरलंसुरलं इन्स्टावर. हात चालतोय तोवर डोक्यात एक मास्तर लाल पेन घेऊन बसलेला. शिवाय तुझ्या त्या टॅबवर चुकलं की बटण दाबायचं, चूक गायब. दिवसभर हे करणाऱ्या माणसाला रात्री अंथरुणात पडल्यावर दिवसातली एक चुकलेली गोष्ट पुसता येत नाही म्हणून झोप लागत नाही, असं मला वाटतं. हे माझं मत हां, रिसर्च नाही.

गंमत म्हणजे आर्ट थेरपी हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला असं मानतात तो पण तुझ्यासारखा धंद्याने चित्रकारच होता. एड्रियन हिल, इंग्लंडचा. टीबी झाला म्हणून सॅनिटोरियममध्ये पडून होता, तिथे पडल्या पडल्या काढत राहिला, त्याला त्याचा आधार वाटला, मग बाकीच्या पेशंटना पण काढायला लावलं. १९४२ च्या आसपासची गोष्ट. म्हणजे चित्रकारावर हे चालत नाही असं काही नाहीये, फक्त रोजच्यासारखं काढून चालत नाही.

आणि एक क्लिअर करते, कारण आजकाल कलरिंग बुक विकणारे पण थेरपी म्हणतात. खरी आर्ट थेरपी म्हणजे तू, तुझं चित्र आणि समोर शिकलेला थेरपिस्ट, असे तिघं लागतात. घरी एकटीने काढतेस ते मनाला आराम म्हणून, चांगलंच आहे ते, पण ती थेरपी नाही. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि नंतर काही वर्षं एका सायकॉलॉजिस्टबाईंच्या हाताखाली ग्रुप घेतले, त्या बाईंनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते साहित्याबद्दल, तेच तुला सांगते कारण हे कुणी सांगत नाही.

आपण म्हणतो पेन्सिल काय नि वॉटरकलर काय, सारखंच. तर नाही. पेन्सिल, स्केचपेन, कापून चिकटवायचं कोलाज, ही ताब्यात राहणारी. पाण्याचे रंग, ओली माती, ही पसरणारी, ती तुलाच कुठेतरी घेऊन जातात. ज्या दिवशी आतून सगळं उसळतंय, छातीत धडधडतंय, त्या दिवशी ओले रंग घेऊन बसलीस तर कधी कधी अजून वाहून जायला होतं. तेव्हा पेन्सिल घे, कागदावर आधी एक चौकट आख आणि त्या चौकटीच्या आतच काय ते कर. उलट ज्या दिवशी काहीच वाटत नाही, रडू पण येत नाही, मशीनसारखा दिवस गेला, त्या दिवशी माती. शाडू गणपतीच्या सीझनला घेऊन ठेवायची, वर्षभर पुरते. नख मातीत बुडलं की पहिल्यांदा जाणवतो तो गारवा, मग मनगटापर्यंत चिकचिक, मग कुठेतरी पंधराएक मिनिटांनी लक्षात येतं की खांदे खाली आलेत. आणि मातीला ते मागे जायचं बटण नसतं बरं का, अंगठ्याचा खड्डा पडला तर पडला, त्याचंच काहीतरी करायचं.

कोरा कागद बघून धडकी भरत असेल तर ठिपके काढ. खरंच. तुझी आजी डब्यातली रांगोळी चिमटीत घेऊन उंबऱ्यापाशी सात ते एक ठिपके टाकायची आणि जोडत बसायची, शेजारच्या गुजराती काकी साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढायच्या, दोघींचं काहीही बोलणं न होता अर्धा तास जायचा. आपण ते धार्मिक म्हणून बाजूला ठेवलं. पण २००५ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता, त्यात आधी मुलांना टेन्शन येईल असं काहीतरी लिहायला लावलं, मग काहींना मंडल, म्हणजे गोलातली नक्षी, किंवा चौकड्यांचं डिझाइन रंगवायला दिलं आणि काहींना कोरा कागद. डिझाइनवाल्यांची घालमेल कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त कमी झाली. म्हणजे ठिपक्यांचं पण तसंच असावं असं मी धरून चाललेय, पुढची वाट आखलेली असली की डोक्याला सुटी मिळते.

अजून एक, २०१६ मधला, फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीचा. ३९ मोठी माणसं, ४५ मिनिटं, माती, मार्कर, कोलाज, हवं ते करा. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं, तेच ते स्ट्रेसचं हार्मोन. साधारण पाऊण लोकांचं उतरलं, आणि ज्यांना चित्रकला येते नि ज्यांना येत नाही त्यांच्यात काही फरक नव्हता. माणसं थोडी होती, तुलनेला दुसरा ग्रुप पण नव्हता, त्यामुळे फार नाचायचं कारण नाही. पण तुझ्यासाठी त्यातली एक गोष्ट घे, तुझा चांगला हात इथे काहीच कामाचा नाही. सुटलीस!

आता माझी फजिती ऐक. एका वृद्धाश्रमात आमचा ग्रुप होता, तिथे एक आजोबा, कुणाशी न बोलणारे. "तुमचं घर काढा" म्हटलं तर त्यांनी अगदी निगुतीने काढलं, कौलं, खिडक्या, खिडक्यांचे गज सुद्धा. दार मात्र नाही. मी नवीन होते, चार पुस्तकं वाचलेली, मोठ्या अक्कलेने म्हटलं, "आजोबा, दार नाही काढलंत, बाहेर पडावंसं वाटत नाही का तुम्हाला?" त्यांनी पेन्सिल टोपण लावून खिशात ठेवली आणि उठून गेले. तीन आठवडे आले नाहीत. चौथ्या आठवड्यात आले, तोच कागद मागितला आणि मला म्हणाले, "बाई, दार बोळात आहे. इथून दिसत नाही." बडोद्यातल्या जुन्या वाड्यांना असतंच की दार बाजूच्या बोळात, मी इथेच वाढलेली, मला कळायला नको? सायकॉलॉजिस्टबाईंनी मला नंतर एवढंच विचारलं की तू त्यांना घराबद्दल सांगायला का नाही सांगितलंस.

म्हणून तू स्वतःच्या चित्राला पण असं काही करू नकोस. काळा जास्त झाला म्हणजे डिप्रेशन, लाल म्हणजे राग, असले रील बघून निदान करत बसायचं नाही. झालंच तर मागे तारीख टाक आणि एक ओळ लिही, काढताना हाताला कसं वाटलं, दाबून की हलकं, बस. फोटो काढू नकोस. तू फोटो काढलास की तो लाल पेनवाला परत येऊन बसतो. फाडावंसं वाटलं तर फाड.

हात उचलावासाच नाही वाटला तर नुसतं बघायला जा. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बाहेरून रोज बघतेस, आत भिंतीभर चित्रं आहेत, एकोणिसाव्या शतकातली. एकाच चित्रासमोर दहा मिनिटं उभी राहा, तुझ्या कामाच्या उपयोगाचं काही शोधू नकोस.

आणि हे नीट वाच. झोप उडालीये हे तू दोन ओळींत उडवून लावलंस, पण दोन आठवड्यांच्या वर असंच चाललंय, जेवण जात नाही, किंवा आपण नसतो तर बरं असं मनात येतंय, तर रंग बाजूला ठेव आणि माणसाकडे जा. टेलीमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट, रात्री पावणेदोनला पण लागतो, मला मेसेज टाकतेस तसाच तिथे फोन लाव. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेलीस तर आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन आहे का विचारायला लाजू नकोस, आर्ट थेरपिस्ट म्हणवणाऱ्यांना कुठे शिकलात, किती दिवस शिकलात ते विचार, वीकेंड कोर्सवाले पण पाटी लावतात हल्ली. आईला मी सांगणार नाही, ते तू सांगायचंस.

रविवारी चारला ये. शाडू शनिवारी रात्री भिजत घालते, जुना ड्रेस घाल. फोन खाली चपलांपाशी ठेवायचा. आणि येताना लिलो चिवडा आण, मागच्या वेळी विसरलीस.

तुझी मावशी
दांडिया बाजार, बडोदा