टेप नंतर शोधा, आधी तारीख शोधा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात कालवलं. वडिलांचं हळदीवरचं भाषण १९८०च्या आसपास सांगली आकाशवाणीवरून लागलं होतं, त्याचं रेकॉर्डिंग कुठे मिळेल, आणि जमलं तर केंद्राच्या इतिहासावर लेखही लिहायचाय, असं तुम्ही म्हणता. यातल्या पहिल्या कामात मी चार वर्षं घातली आहेत. केंद्र दुसरं होतं, आणि भाषण नव्हे, आईच्या जात्यावरच्या ओव्या. दुपारी वनिता मंडळ या बायकांच्या कार्यक्रमात लागलेल्या.

केंद्राला पत्र लिहा, माहिती अधिकारात अर्ज टाका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी माझा गाढवपणा सांगतो.

आकाशवाणीवर कुणी बोलणार-गाणार असेल तर त्याला आधी करारपत्र यायचं. कार्यक्रम कुठला, प्रसारण कधी, किती मिनिटं, मानधन किती, सगळं त्यावर. आईनं तिची करारपत्रं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपली होती. घर विकलं तेव्हा माळा मी आवरला. डबा उघडला, वर पिवळे पडलेले सरकारी कागद दिसले, जुनी बिलं असतील म्हणून रद्दीत टाकले. डबा मात्र चांगला होता म्हणून ठेवला! आता त्यात बायकोचे सुईदोरे असतात. वर्षभरानं आई गेली, आणि मग मला तो आवाज आठवायला लागला.

केंद्रावरच्या गृहस्थांनी चहा पाजला आणि एकच विचारलं, "तारीख?" मी म्हटलं, "पावसाळा होता. त्र्याऐंशी, नाहीतर चौऱ्याऐंशी." ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. तारखेशिवाय प्रसारणाची कुठली नोंदवही काढायची हेच कुणाला कळत नाही. तेव्हा अर्ज करायचाच असेल तर "वडिलांचं भाषण द्या" असा मोघम करू नका. अमुक तारीख, अमुक सभा (म्हणजे सकाळ, दुपार की संध्याकाळचं प्रसारण), त्या दिवसाच्या नोंदीची प्रत, असं नेमकं मागा.

टेपबद्दल मात्र फार आशा धरू नका. तेव्हा सगळं पाव इंची टेपवर. सेकंदाला साडेसात इंच वेगानं १२०० फुटांचं स्पूल जेमतेम ३२ मिनिटं पुरतं. टेप महाग, म्हणून रोजचे कार्यक्रम लागून गेले की पुसून त्यावर नवे मुद्रित व्हायचे. मोठे गायक, नामवंतांच्या मुलाखती राहिल्या. हळदीवरची भाषणं आणि ओव्या बहुतेक गेल्या. मला याचा राग यायचा, आता येत नाही. (थोडा येतो.)

त्यापेक्षा भाऊबंदांत विचारा की त्या काळी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, कुणाकडे होता. आमच्या शेजारच्या काकूंनी रेडिओवरूनच कॅसेट भरली होती. चार मिनिटं मिळाली. मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत आणि शेवटची ओवी अर्धी तुटली आहे. कॅसेट सापडली तर हौसेनं लगेच लावू नका. बुरशी असेल तर टेपही जाईल आणि यंत्राचं हेडही. जाणकाराकडून एकदाच नीट डिजिटल करून घ्या.

तारीख घरात नसेल तर जिल्ह्याच्या दैनिकांचे जुने अंक चाळा. रोजचे आकाशवाणीचे कार्यक्रम छापून यायचे, कधी वक्त्याच्या नावासकट. एका वाचनालयात (नाव घेत नाही) मला फोटो काढू दिले नाहीत, झेरॉक्सही नाही; फाईल कपाटात, आणि किल्लीवाले रजेवर. तीन खेपा झाल्या. तुम्ही जाण्याआधी फोन करा आणि वही-पेन्सिल न्या.

आता इतिहासाचं. सांगली केंद्र १९६३चं. लेख म्हणजे उद्घाटनाचे फोटो आणि अधिकाऱ्यांची यादी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळच्या सभेत काय लागायचं, शेतकऱ्यांसाठी कधी, कामगारांसाठी कधी, युववाणी या तरुणांच्या कार्यक्रमात कोण पोरं बोलायची, ते लिहा. शेतीच्या कार्यक्रमांचं मूळ शोधायचं तर पुणे केंद्राचा १९५६चा ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग वाचा. पाच जिल्हे, दीडशेच्या आसपास गावं, वीस कार्यक्रम. लोक एकत्र बसून ऐकायचे आणि मग त्यावर चर्चा करायचे. युनेस्कोचा अहवाल आहे त्यावर. आकाशवाणीत शेतीचे स्वतंत्र विभाग १९६६पासून निघाले, ते पुढचं.

कॅसेटचा काळ ठरवायला एक खूण. मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) वारंवारता नोव्हेंबर १९७८मध्ये बदलल्या, नवे आकडे नऊनं भाग जाणारे. सांगलीचे १२५१ किलोहर्ट्झ घ्या, भाग जातो. म्हणजे जुन्या कॅसेटवर उद्घोषणेत १२५१ ऐकू आलं तर ती त्यानंतरची. बारीकसारीक वाटेल, पण माझ्या चार मिनिटांचा काळ मी असाच आवळत आणला.

मी आकाशवाणीत कधी नोकरीला नव्हतो, सध्याचे नियम वेगळे असतील, खात्री करून घ्या. आणि करारपत्र सापडलंच तर इथे टाकताना वडिलांची सही आणि घरचा पत्ता झाका.