चिपचं कोटेशन मागवण्याआधी स्कोअरची फाइल उघडा

तुमचा प्रश्न असा आहे: मिरजेतले हृदयरोगाचे रुग्ण आणि जत-आटपाडीकडचे निरोगी लोक घेऊन पॉलिजेनिक रिस्क स्कोअर (डीएनएतल्या अनेक जागांचा थोडाथोडा परिणाम जोडून काढलेला रोगाच्या धोक्याचा आकडा) तपासायचाय, तर जीएसए चिप (डीएनएतल्या ठरावीक जागाच वाचणारी) घ्यावी, मोठी जीडीए चिप घ्यावी की लो-पास सीक्वेन्सिंग (सगळा डीएनए, पण विरळ वाचणं) करावं?

जीएसएवर साधारण साडेसहा लाख मार्कर, म्हणजे वाचायच्या जागा, असतात, जीडीएवर अठरा लाखांच्या आसपास. या आकड्यांवर जाऊ नका. तुमच्या स्कोअरच्या फाइलमध्ये डीएनएतल्या जागांची यादी असते; त्यातल्या बऱ्याच जागा कुठल्याच चिपवर थेट नसतील, त्या इम्प्युटेशननं, म्हणजे आधी पूर्ण वाचलेल्या जीनोमच्या संचाशी (पॅनलशी) जुळवून अंदाजानं, भराव्या लागतील. आणि १००० जीनोम्सच्या पॅनलमध्ये दक्षिण आशियाई गट पाचच: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. मराठी गट त्यात नाही. जीनोमइंडिया या भारतीय प्रकल्पाचा सुमारे १०,००० जीनोमचा डेटा फरिदाबादच्या आयबीडीसी या डेटा केंद्रात आहे, त्यासाठी अर्ज आत्ताच टाका.

मग स्वतःची परीक्षा घ्या. थोड्या नमुन्यांचं ३०एक्स (प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचणारं) सीक्वेन्सिंग करा. त्यातल्या फक्त चिपवरच्या जागा ठेवून बाकी झाका आणि इम्प्युट करा. त्याच नमुन्यांचे रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) कमी करून १एक्सवर, म्हणजे लो-पासच्या पातळीवर आणून ग्लिम्प्स या इम्प्युटेशनच्या सॉफ्टवेअरनं चालवा. दोन्हीकडून निघालेला स्कोअर ३०एक्सच्या स्कोअरशी ताडून बघा. हे नमुने पॅनलमध्ये मात्र नकोत, नाहीतर निकाल फुकट चांगला दिसतो.

माझा कल १एक्सकडे आहे, कारण चिपवरचे मार्कर कुठल्या लोकांचे जीनोम बघून निवडले ही भानगडच तिथे उरत नाही. पण सर्व्हर आणि बायोइन्फर्मॅटिक्सचा माणूस हाताशी नसेल तर सरळ चिप घ्या.

काहीही घ्या, रुग्ण आणि कंट्रोल (तुलनेसाठीचे निरोगी लोक) यांचे नमुने लॅबमधल्या एकाच प्लेटवर मिसळून लावा. रुग्ण यंदा आणि गावाकडचे कंट्रोल पुढच्या वर्षी असं केलंत, तर लॉटमधला (चिप किंवा रसायनांच्या खेपेतला) फरकच रोगाचा म्हणून दिसेल. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, एकाच गावच्या नमुन्यांत नातेवाईक निघणारच. तेव्हा नाती आधी तपासा.

स्कोअरची वजनं (प्रत्येक जागेला दिलेलं महत्त्व) युरोपीय लोकांवरून काढलेली असतील तर ती चूक कुठलीही चिप दुरुस्त करत नाही. एमवायबीपीसी३ जीनमधली २५ बेसची (डीएनएच्या अक्षरांची) डिलीशन, म्हणजे गळालेला तुकडा, दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत आढळते, कार्डिओमायोपथीशी (हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी) तिचा संबंध २००९ मध्येच दाखवलाय. युरोपीय स्कोअरमध्ये तिला जागा नसते. ती वेगळी तपासा, आणि वजनांसाठी दक्षिण आशियाई अभ्यासांचे आकडे जोडून पीआरएस-सीएसएक्स ही वेगवेगळ्या लोकसमूहांचे आकडे एकत्र करणारी पद्धत वापरा.

इम्प्युटेशन परदेशी सर्व्हरवर करणार असाल तर लोकांचा डेटा देशाबाहेर जातो. एथिक्स कमिटीला ते आधी सांगा, आणि मराठी संमतीपत्रात ते साध्या शब्दांत लिहिलंय ना, हे छापायला देण्याआधी बघा.