अक्कांना विचारा : केळीचं पान, कळण्याची भाकर आणि माझी एक चूक

या महिन्यात सतरा पत्रं आली. त्यातली पाच मला बोल लावणारी, आणि पाचही एकाच कारणासाठी. तेव्हा आधी तेच निस्तरते.

अक्का, मार्चच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की लग्नाच्या पंगतीला थर्माकोल आणि चकचकीत कागदी ताटं नकोत, आपल्या खानदेशात एवढी केळी आहे तर केळीची पानं घ्या. आम्ही ऐकलं. मुलीच्या लग्नात चारशे पानं आणली. जेवायला वरण-बट्टी. मंडपात वारा सुटला, अर्धी पानं उडाली, उरलेली फाटली आणि नवरदेवाच्या मामांच्या पांढऱ्या पायजम्यावर वरण गेलं. धाकटीचं लग्न दिवाळीनंतर आहे. आता काय करू?
— वधूपिता, पारोळा

भाऊ, त्या मामांची माझ्या वतीनं माफी मागा. चूक माझी आहे. पान सुचवताना माझ्या डोळ्यांसमोर भरीत-पुरी होती, वरण-बट्टी ध्यानातच आली नाही. बट्टी चुरून कितीही छान आळं केलं तरी आपलं वरण पानावर थांबत नाही. त्यातून केळीच्या पानाच्या शिरा मधल्या दांड्यापासून थेट काठापर्यंत सरळ जातात, म्हणून एकदा चीर पडली की पान टोकापर्यंत फाटतं. आदल्या दिवशी कापलेलं, उन्हानं कोमेजलेलं पान असेल तर विचारूच नका.

दुसरी चूक माझ्या भाच्यानं दाखवून दिली. तो रावेरकडे केळी करतो. अंक वाचून त्याचा फोन आला, "अक्का, पानं कापायला सांगतेस, मग घड काय हवेवर भरेल?" खरंच आहे त्याचं. केळ निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की त्या झाडाला नवीन पान येत नाही. जी पानं आहेत त्यांच्यावरच घड पोसायचा असतो. शिवाय पानांवरच्या करपा रोगासाठी बागेत बुरशीनाशकं फवारतात, ती बसतात पानावरच. माझं माहेर यावल तालुक्यातलं, लहानपण केळीच्या बागेत गेलं, आणि तरी मी हे विसरले. शहरात राहून असं होतं बहुतेक.

तर धाकटीच्या लग्नाला पान हवंच असेल तर घड उतरलेल्या बागेतलं घ्या. ते झाड तसंही तोडायचंच असतं. शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा, पहाटे कापा, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा, धुऊन घ्या. मागची बाजू निखाऱ्यावर जराशी धरली की पान मऊ होतं, मग सहज फाटत नाही. त्यावर कोरडे पदार्थ वाढा, वरण पळसाच्या द्रोणात. सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारांत पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण अजून मिळतात, पण आठवडाभर आधी सांगून ठेवा.

मनातलं विचाराल तर मी आता स्टीलच्या ताटांच्या बाजूची झाले आहे. मंडपवाल्याकडे भाड्यानं मिळतात, काही गावांत मंदिराची किंवा भाऊबंदकीची सामायिक भांडीही असतात. ताटं धुवायला पाणी लागतं, हे मान्य. पण खरकटं आधी बादलीत झटकलं आणि तीन टबांत ओळीनं ताटं बुडवत गेलं तर वाहत्या नळाच्या मानानं फारच कमी लागतं. खरकटं म्हशीला. चकचकीत कागदी ताटाला आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, ते उकिरड्यात कुजत नाही. थर्माकोलच्या ताटांवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. तरी प्रत्येक लग्नानंतर ती नाल्यात दिसतात, हा भाग वेगळा.

अक्का, मी पुण्याची, लग्न होऊन जळगावला आले. डॉक्टरांनी वजन आणि साखर दोन्हीकडे लक्ष द्यायला सांगितलंय. मी ओट्स, किन्वा, मल्टिमिलेट आटा असं सगळं आणते. सासूबाई म्हणतात, कळण्याची भाकर खा, काही होत नाही. आमचे रोज यावरून खटके उडतात. माझी भाकरी थापतानाच मोडते, हे आणखी एक दुखणं. कोण बरोबर?
— नवी सून, जळगाव

पोरी, सासूबाई बऱ्याचशा बरोबर आहेत. "काही होत नाही" एवढं सोडून.

कळणा म्हणजे काय ते आधी बघ. चार भाग ज्वारी, एक भाग सालीसकट उडीद, थोडं खडेमीठ, आणि जरा जाडसर दळायचं. कोणी मूठभर मेथ्या घालतात. आमच्याकडे ज्वारी म्हणजे दादर, रब्बीची उंच ज्वारी, तापीकाठच्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलाव्यावर येणारी. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात, उडदात त्याच्या दुपटीहून जास्त. पण खरी गंमत आकड्यात नाही. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. ज्या बाईनं हे दोन्ही पहिल्यांदा एका जात्यात घातलं तिला हे शब्द ठाऊक नव्हते. तिला इतकंच दिसलं असेल की कळण्याची भाकर खाऊन गेलेला माणूस दुपारपर्यंत भूक म्हणत नाही.

तुझ्या मल्टिमिलेट पुडीच्या मागची बारीक अक्षरं वाच. काही पुड्यांत पहिलं, म्हणजे सगळ्यात जास्त असलेल्या धान्याचं, नाव गव्हाचं असतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं, तेव्हापासून आपलीच ज्वारी आपल्याला गुळगुळीत पुडीत घालून तिप्पट भावानं परत मिळायला लागली. मला त्याचा राग येतो, हे लपवत नाही. किन्वा वाईट नाही. पण तो दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरावरचा, तुझ्या दारात दादर पिकते.

आता "काही होत नाही" याबद्दल. भाकरी हे शेवटी पिठूळ धान्यच आहे. तंतुमय पदार्थ जास्त म्हणून ती सावकाश पचते, पण तीन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. एक खा, सोबत गिलक्याची नाहीतर पोकळ्याची भाजी दोन वाट्या घे. आणि मिठाकडे बघ. कळण्यात मीठ दळतानाच असतं, वर ठेचा, लोणचं, बिबडीचा पापड. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे तेवढं न्याहारीतच होतं. घरात कुणाला रक्तदाब असेल तर कळणा बिनमिठाचा दळून आण. शेवभाजीची तर्री रोजची नको, हे सांगायला अक्का कशाला हवी.

भाकरी मोडते त्याचं कारण म्हणजे ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. पाणी खळखळ उकळायला हवं. माझी सासू अमळनेरची, अहिराणी बोलायची. मी घाईनं कोमट पाणी ओतलं की मागून आवाज यायचा, "पानी उकळू दे व माय!" उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो आणि गोळा एकजीव होतो. आधी उलथण्यानं कालव, हाताला सोसेल इतकं निवलं की परातीत टाचेनं रगड. नुसत्या ज्वारीपेक्षा कळण्याची भाकर नवशिकीला सोपी, कारण उडदाचा बुळबुळीतपणा धरून ठेवतो. म्हणजे तुझी सुरुवात सासूबाईंच्या पिठानंच व्हावी अशी सोय आहे.

दळण पंधरा दिवसांपुरतंच आण. आपल्या उन्हाळ्यात पीठ लवकर खवट होतं. उरलेली भाकर कुस्करून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन सकाळी खायची. ओट्सचा डबा संपेपर्यंत खा, फेकू नकोस. नवीन मात्र आणू नकोस.

बाजारातली केळी पावडरनं पिकवलेली कशी ओळखायची?
— गृहिणी, धुळे

नुसत्या डोळ्यांनी खात्रीनं ओळखता येत नाही, ताई. देठ हिरवा आणि साल पिवळी म्हणजे पावडर, असं सांगत फिरणारे निरोप मलाही येतात. पण रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देऊन नीट पिकवलेली केळीही तशीच दिसू शकतात, आणि इथिलीनला परवानगी आहे. ते फळ स्वतःही तयार करतंच. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर, तीच ही पावडर. त्यातून निघणारा वायू आणि त्यातली आर्सेनिक-फॉस्फरसची भेसळ हा खरा धोका.

त्यापेक्षा कच्ची फणी आणा. कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर ठेवा, तीन-चार दिवसांत होतात. एक सांगून ठेवते : मे महिन्यात घरात ठेवलेलं केळ आतून मऊ होतं पण साल हिरवटच राहते. उष्णतेनं सालीचा हिरवा रंग जात नाही, केळं बिघडलेलं नसतं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, १३ अंशांखाली साल काळी पडते.

आमच्याकडे कापसाच्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतरची वाळलेली झाडं, शेताच्या धुऱ्यावरच पेटवतात. धुरानं सासऱ्यांचा दमा उफाळतो. पण घरी रचून ठेवल्या तर लोक म्हणतात अळी येते. मग करायचं काय? तुम्ही तर पऱ्हाट्यांवरच्या भरिताचं कौतुक करता.
— शेतकरी कुटुंबातील वाचक, धरणगाव

करतेच. बामणोदचं पांढरट हिरवं वांगं, पऱ्हाट्यांचा नाहीतर तुरीच्या तुराट्यांचा जाळ, आणि लाकडी बडगीत कुटलेली मिरची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत म्हणत नाही, घरचे मला हट्टी म्हणतात. पण एका घराला भरितासाठी किती पऱ्हाट्या लागतात? चार भारे.

लोक म्हणतात त्यात तथ्य आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीला चिकटलेल्या न उमललेल्या बोंडांत दडून राहते आणि पावसाळ्यात त्याच ढिगातून पतंग निघून शेजारच्या नव्या कपाशीवर जातात. २०१७ साली या अळीनं कपाशीचं काय केलं ते तुमच्या घरात कुणी विसरलं नसेल. म्हणून फरदड धरायची नाही, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी पुढे राखायची नाही. ठेवायच्या पऱ्हाट्यांची बोंडं आधी झोडून काढायची, फक्त ती जाळली तरी धूर मूठभरच होतो. आणि रचलेले भारे पावसाआधी संपवायचे.

बाकी सगळ्यांसाठी ट्रॅक्टरवरचं श्रेडर भाड्यानं आणा. बारीक तुकडे शेतातच पडतात, रोटाव्हेटर फिरवला की मातीत जातात. एकट्यानं परवडत नसेल तर चार शेजाऱ्यांनी मिळून एका दिवशी बोलवा. सासऱ्यांच्या दम्याचं धुऱ्यावरच्या शेजाऱ्याला स्पष्ट सांगा. जाळणाऱ्याला धूर कुणाच्या छातीत जातो ते बहुतेक वेळा माहीतच नसतं.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालावं का?
— निवृत्त शिक्षक, भुसावळ

कुंड्यांना रोज नको सर, क्षार साचून मुळं जळतात. फरशी, संडास, गाडी यांना चालेल. त्याआधी नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून घ्या. लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर बहुतेक वेळा आरओची गरज नसते. एक लिटर पिण्यासाठी दोन-तीन लिटर ओतून देणं आपल्या भागात शोभत नाही. साधा गाळणीचा फिल्टर, उकळणं आणि माठ, एवढ्यावर भागतं.

आम्हाला सुट्टीत पर्यावरणावर प्रकल्प करायचा आहे. सगळे मोबाइलवरून झाडांची चित्रं उतरवणार आहेत. मी वेगळं काय करू?
— सातवीतली विद्यार्थिनी, साक्री तालुका

तुझ्याच तालुक्यात बारीपाडा आहे, माहीत आहे ना? तिथल्या गावकऱ्यांनी चैत्राम पवारांच्या पुढाकारानं सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलं. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे दरवर्षी वनभाज्यांची पाककला स्पर्धा होते, रानातून भाज्या आणून बाया शिजवतात. जमलं तर शाळेला सांगून बघून या.

नाही जमलं तर पहिला पाऊस पडू दे आणि आजीबरोबर बांधावर जा. तांदुळजा, घोळ, तरोटा, करटोली, कुरडू, जे दिसेल ते. प्रत्येक भाजीला वहीचं एक पान. तुमच्या घरात तिला काय म्हणतात ते आधी लिही, पुस्तकातलं नाव नंतर. कुठे उगवली, कोवळी पानं खातात की फळ, उकळून पाणी टाकतात का, कुणी सांगितलं. चित्र स्वतः काढ. आजी म्हणेल, "पूर्वी इथं ढीगभर यायची." कधीपासून येईनाशी झाली ते विचार. आमच्याकडे उत्तर असं निघालं की बांधावर तणनाशक मारायला लागल्यापासून. फवारलेल्या शेतातली आणि रस्त्याकडेची भाजी तोडायची नाही, आणि मुळासकट उपटायची नाही, खुडायची.

आजी ज्या भाजीला "ही नको" म्हणेल तिची नोंद सगळ्यात आधी कर, लाल शाईनं. वही झाली की मला आठ-दहा पानांचे फोटो पाठव. करटोलीच्या भाजीत तुमच्याकडे दाणकूट घालतात का ते मला बरेच दिवस विचारायचं आहे.