मुलाच्या चांगल्या हाताला तीन आठवडे प्लास्टर घालणार आहेत. पाळणाघराला आधी काय सांगून ठेवावं?

प्रश्न वाचला आणि कुकर तसाच ठेवून लिहायला बसले. आमच्याकडे हे सगळं चार वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

पाळणाघरातल्या काकूंना दोन गोष्टी सांगा. हात मोडलेला नाही, आणि प्लास्टर चांगल्या हाताला मुद्दाम घातलंय, म्हणजे कमजोर हाताला कामाला लागावं लागेल. पहिली मी सांगितली. दुसरी घाईत राहिली.

माझ्या मुलीला उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया आहे, म्हणजे मेंदूकडून उजव्या बाजूला नीट हुकूम जात नाहीत, म्हणून ती बाजू कमजोर. सहा-सात महिन्यांची असल्यापासून ती जे काही घ्यायची ते डाव्या हाताने. उजव्याची मूठ मिटलेली. सगळे म्हणाले, डावखुरी आहे, मामावर गेली. वर्षाच्या आतलं मूल एकच हात वापरत असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यायचं असतं, हे आम्हाला ती दीड वर्षाची झाल्यावर कळलं. तोवर तिच्या आत्याने डाव्या हातावर चापट्या मारून "चांगल्या हाताने घे" शिकवायचा कार्यक्रम चालवला होता. तो राग अजून गेलेला नाही, तेव्हा पुढचं जरा तिखट झालं तर चालवून घ्या.

साडेतीन वर्षांची असताना डाव्या दंडापासून बोटांपर्यंत फायबरचं प्लास्टर घातलं. सोमवारी सव्वाआठची लोकल गाठायची होती. पाळणाघराच्या पायरीवरूनच म्हटलं, "काकू, मोडलेला नाही हो, डावा बांधलाय, उजव्याने करू दे." संध्याकाळी काकू एकदम खूश. "बरं केलंत. पुढे सासरी कोणी नावं ठेवायला नको." म्हणजे त्यांना वाटलं, मी पोरीचं डावखुरेपण मोडायला निघालेय! आणि वर दया येऊन दिवसभर त्यांनीच भरवलं होतं. दूध पाजलं, चपला घातल्या, नाक पुसलं. उजवा हात सकाळपासून मांडीवर तसाच पडून.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली. काकूंना समजावलं की हात अगदीच निकामी नसतो, पण सारखा पडून राहिला की मेंदू त्याला विसरायला शिकतो. अमेरिकेतल्या एडवर्ड टाउब यांनी हे आधी माकडांवर पाहिलं आणि त्यातून चांगला हात अडकवून कमजोर हाताकडून काम करून घ्यायची ही उपचारपद्धत आली, तिला सीआयएमटी म्हणतात. माकडं काढायला नको होती. "माकडांचा उपाय आपल्या पोरीला?" काकूंचा चेहराच पडला. शेवटी त्यांचा उजवा हात त्यांच्याच पदराने बांधला आणि म्हटलं, आता डाव्याने डबा उघडा. झाकण निघेना. मला वाटलं, पटलं. तर म्हणाल्या, "अहो, मग मी भरवणारच तिला!"

तह झाला तो असा: पहिली दहा मिनिटं कोणी हात लावायचा नाही, मग काकूंनी भरवायचं. खाऊ मी बदलला. पोहे, चुरमुरे बंद. इडलीचे मोठे तुकडे, राजगिऱ्याची वडी, अर्धं केळं, म्हणजे मुठीत धरता येईल असं. चौथ्या दिवशी वडी तोंडापर्यंत गेली, अर्धी फ्रॉकवर. काकूंनी मला ऑफिसात फोन करून सांगितलं.

बाकीचं पटकन सांगते. प्लास्टर म्हणजे सोटा असतो. तिसऱ्याच दिवशी एका मुलाच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि त्याच्या आईशी माझं वाजलं, म्हणून इतर पालकांच्या कानावर आधीच घाला. तोल जातो, पडताना चांगला हात टेकता येत नाही, त्यामुळे बाथरूममध्ये आणि जिन्यावर कोणीतरी मागे हवंच. चड्डी इलास्टिकची, बाह्या ढगळ. पाणी आणि वाळू लांब. बोटांची टोकं निळी, गार किंवा सुजलेली दिसली, आतून वास आला किंवा मूल थांबेचना असं रडलं, तर आईची वाट न बघता थेट डॉक्टर. हे मी कागदावर लिहून त्यांच्या फ्रिजवर चिकटवलं होतं.

"तीन आठवडे घरी ठेव, नोकरी काय पळून जात नाही" हे तुम्हालाही कोणी ऐकवलं असेलच. मला आत्याबाईंनीच ऐकवलं. माझं मत स्पष्ट आहे: पाळणाघर बरं. घरी आजी होती, आत्या होती, एक घास पोरीला स्वतः खाऊ दिला नसता. पाळणाघरात पाच पोरं होती, काकूंना दोनच हात, त्यामुळे माझ्या पोरीला वाट बघावी लागायची, आणि वाट बघायचा कंटाळा आला की उजवा हात पुढे यायचा. नोकरी मी सोडली नाही. त्याबद्दल कोणी अजूनही बोललं तर मी हेच सांगते.

हां, एक राहिलं. नुसतं प्लास्टर म्हणजे उपचार नव्हे. आमच्याकडे रोज सकाळी दोन तास थेरपिस्ट तिच्याकडून उजव्या हाताची कामं खेळातून करून घ्यायची, पाळणाघर त्यानंतरचं. प्रत्येक मुलाला हे चालतंच असं नाही. काहींना प्लास्टरऐवजी मोजा किंवा झोळी देतात, तासही वेगळे असतात, ते तुमच्या थेरपिस्टलाच ठरवू द्या. जमलं तर थेरपिस्टला एकदा पाळणाघरात घेऊन जा. मी ते केलं नाही. केलं असतं तर माकडांची भानगड टळली असती.

आता मुलगी साडेसात वर्षांची आहे. उजव्या हाताने ताट धरते, दप्तराची चेन ओढताना दप्तर दाबून ठेवते. जेवते अजून डाव्यानेच. गेल्या गणपतीत पंगतीत आत्या म्हणाली, "एवढं प्लास्टर घातलं, पण सवय काही गेली नाही बघ."