पुस्तक मिट, आधी १९४७ गाठ

नौपाडा, ठाणे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

क्वांटम फील्ड थिअरीचं (क्षेत्रांना क्वांटमचे नियम लावणाऱ्या शास्त्राचं) जाडजूड पुस्तक उघडलंस आणि पहिल्या प्रकरणांतच हात टेकलेस, असं कळलं. साहजिक आहे. त्या पुस्तकांत सगळं आवरून-सावरून मांडलेलं असतं. भलेभले जिथे अडले ती जागा दिसतच नाही. ती आधी बघ.

भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने १९२७ मध्ये प्रकाशाच्या क्षेत्रालाच क्वांटमचे नियम लावले आणि अणू आपणहून प्रकाश का सोडतो, हे गणितात बसवलं. पण १९३० मध्ये ओपेनहायमरने दाखवलं की इलेक्ट्रॉनवर त्याच्या स्वतःच्याच क्षेत्राचा परिणाम मोजायला गेलं, की उत्तर अनंत येतं. गंमत म्हणजे हिशेबाची पहिली, ढोबळ पायरी बिनबोभाट चालत होती. भाभांचा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा विरुद्ध भाराचा जोडीदार) यांच्या टकरीवरचा १९३६ चा निबंध त्याच पायरीवरचा, आणि कोलायडरमध्ये (हे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात) टकरींचं प्रमाण मोजायला ही टक्कर, म्हणजे 'भाभा स्कॅटरिंग', आजही वापरतात. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की अनंत! सतरा वर्षं हे घोंगडं भिजत पडलं.

कोंडी फोडली प्रयोगाने. युद्धात रडारमुळे मायक्रोवेव्हचं तंत्र हाती आलं होतं. ते वापरून लॅम्ब आणि रेदरफोर्ड (अणुकेंद्रवाला रदरफर्ड वेगळा) यांनी हायड्रोजन तपासला. डिरॅकच्या समीकरणाप्रमाणे ज्या दोन पातळ्यांची ऊर्जा सारखी हवी, त्यांत सुमारे १००० मेगाहर्ट्झचा फरक निघाला. जून १९४७ मध्ये शेल्टर आयलंडच्या बैठकीत यावर खल झाला, आणि बैठकीनंतर न्यूयॉर्कहून स्केनेक्टडीला जाताना बेथेने आगगाडीतच हिशेब मांडला. कल्पना मुळात क्रामर्सची: मोकळ्या इलेक्ट्रॉनलाही तीच अनंत ऊर्जा चिकटलेली असते, आणि आपण त्याचं वस्तुमान मोजतो ते तिच्यासकटच. मग अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या उत्तरातून मोकळ्याचं उत्तर वजा करायचं. उरतं ते अगदी हळू, लॉगरिदमने वाढतं. इलेक्ट्रॉनच्या स्थिर ऊर्जेपाशी (वस्तुमानातून येणाऱ्या mc² ऊर्जेपाशी) ते तोडलं, की १०४० मेगाहर्ट्झ!

बेथेचा निबंध जेमतेम तीन पानांचा आहे. तो मिळव आणि ओळ न ओळ वहीत सोडव. पर्टर्बेशन थिअरी (ढोबळ उत्तरात पायरीपायरीने छोट्या दुरुस्त्या करायची रीत) आली की बरंचसं जमतं, सापेक्षतेची गरज नाही. फक्त त्याला गाडीत जमलं म्हणून तू ऐरोली-ठाणे लोकलमध्ये मांडायला जाऊ नकोस. त्याला बसायला जागा होती. डिरॅकला ही वजाबाकी शेवटपर्यंत पटली नाही. तुलाही नाही पटली तर बिघडत नाही, पण आधी करून बघ.

त्यानंतर श्विंगर, फाइनमन आणि टोकियोत युद्धकाळापासून याच वाटेवर असलेला तोमोनागा वाच. तिघांचं म्हणणं एकच आहे, हे डायसनने १९४९ मध्ये दाखवलं. (त्याने पीएचडी कधी केलीच नाही, हे आईला सांगू नकोस.) यांग-मिल्सचा सिद्धांत, त्यावरचं टी हूफ्टचं १९७१ चं काम वगैरे पुढच्या वर्षी. आत्ता त्यात शिरलीस तर नुसती चिन्हं पाठ होतील.

लॉगरिदमच्या आत एक सरासरी ऊर्जा येते, तिथे अडशील. तो आकडा बेथेनेही दुसऱ्यांकडून काढून घेतला होता. तूही तो तयार घे आणि पुढे सरक. रविवारी सकाळी वही घेऊन ये.

तुझे,
सर